थोरल्याच्या वेळचं बाळंतपण आणि धाकटीच्या वेळचं

माझा थोरला २०१२ चा आणि धाकटी २०२३ ची. थोरला रीतीप्रमाणे माहेरी झाला, सोलापुरात, आणि धाकटीच्या वेळी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून मी सासरीच राहिले, विट्याजवळ आमचं गाव आहे, दवाखाना विट्यातला. त्यामुळे एका वेळी करायला आई आणि आज्जी, दुसऱ्या वेळी सासूबाई, आणि डॉक्टरही वेगळे. सगळे म्हणायचे तुला काय सांगायचं, तुझं दुसरं आहे. पण घरी सोडताना बाळाच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवून जे जे सांगितलं त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि काही तर थोरल्याच्या डॉक्टरांनी सांगितलेल्याच्या बरोब्बर उलट होतं. एक मला मुद्दाम सांगायचंय, की घरातल्या बायकांचं जुनं आणि डॉक्टरांचं नवं, असा हा सरळ हिशोब नाहीये. डॉक्टरांचं स्वतःचंच बरंच बदललंय, आणि काही बाबतीत तर आज्जी जे करायची तेच आता दवाखान्यात करायला सांगतात.

सुरुवात पहिल्या तासापासनंच. थोरला जन्मल्यावर आयाबाई लगेच त्याला घेऊन गेल्या, अंघोळ घालून, पावडर लावून, टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून आणला तोवर मी त्याला नीट बघितलंही नव्हतं. धाकटीला नुसतं कोरडं पुसलं आणि तशीच उघडी माझ्या छातीवर पालथी ठेवली, वरून आम्हा दोघींवर एक चादर. नाळसुद्धा लगेच कापली नाही, मिनिटभर थांबले, तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडं जातं आणि ते लोह बाळाला पुढचे काही महिने पुरतं असं मॅडमनी नंतर समजावलं. पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजलं. आणि अंघोळ नाहीच. सासूबाईंना ह्याची फार रुखरुख लागली, पाहुणे बघायला येणार आणि नातीच्या काखेत मानेत तो पांढरा चिकट थर तसाच, त्या सिस्टरांना दोनदा जाऊन विचारून आल्या. सिस्टर म्हणाल्या मावशी, बाळ इतके दिवस आईच्या पोटात उबेत होतं, आता ओलं केलं की गार पडतं, गार पडलं की अंगातली साखर उतरते आणि मग दूध ओढायला जोर राहत नाही, आणि तो थर कातडीला चांगला असतो, आपोआप जिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये पहिली अंघोळ निदान २४ तास पुढं ढकला असंच आहे. कारण कळल्यावर सासूबाई गप्प बसल्या, एवढंच नाही तर संध्याकाळी आलेल्या चुलत सासूबाईंना त्यांनीच ते कारण ऐकवलं.

इथंच मला कळलं की सासूबाईंना नवीन ऐकायचं नसतं असं अजिबात नाही. "हे करू नका" एवढंच म्हटलं की त्यांना वाटतं आपण चार पोरं वाढवली ती काय अशीच का. "का करू नका" सांगितलं की त्या ऐकतात. आणि हे का कुणी सांगतच नाही हो! थोरल्याच्या वेळी मला कुणी एकाही गोष्टीचं कारण सांगितलं नव्हतं, स्पिरिट लावा म्हणजे लावा.

ते स्पिरिटचंच बघा. थोरल्याच्या नाळेला दिवसातनं तीनदा स्पिरिटचा बोळा आणि वरून एक पावडर भुरभुरायची, हे दवाखान्यातनं लिहून दिलेलं होतं. आज्जीच्या काळी हळद आणि खोबरेल. धाकटीच्या वेळी काहीच नाही, कोरडी ठेवायची, लंगोट नाळेच्या खाली दुमडून बांधायचा म्हणजे शू लागत नाही, आणि हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. कारण काय तर स्वच्छ दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नाळ नुसती कोरडी ठेवली तरी चांगली गळते, स्पिरिट लावून उलट ती गळायला वेळ लागतो. फक्त भोवतालची कातडी लाल झाली, वास आला किंवा पू दिसला तर लगेच दाखवायचं. म्हणजे बघा, हळदीवरनं स्पिरिटवर आलो आणि स्पिरिटवरनं काहीच नको वर.

घरी आल्यावर खरा प्रश्न होता मालीशवाल्या मावशींचा. ह्या मावशींनी आमच्या गल्लीतली निम्मी पोरं हातावर वाढवलीयत, हात इतका हलका की बाळ मालीश चालू असतानाच झोपतं. मॅडमनी मालीश करा असंच सांगितलं होतं, त्यांचं म्हणणं तेलाचा हात फिरला की कातडी चांगली राहते, बाळाला स्पर्श मिळतो, झोप लागते, खोबरेल उत्तम. फक्त नाकात, कानात तेल सोडायचं नाही, टाळू दाबायची नाही, आणि नंतरची ती ओवा वेखंडाची धुरी बंद, बाळाच्या फुप्फुसाला धूर नको. हे सगळं मावशींनी ऐकून घेतलं. पण चौथ्या पाचव्या दिवशी काय झालं, धाकटीची छाती जरा फुगीर दिसायला लागली, दोन्ही बाजूला बोराएवढ्या गाठी, हाताला लागतील अशा. मावशींनी बघितलं आणि लगेच दोन बोटं टेकवली, म्हणाल्या ह्यातलं दूध काढाय लागतं, न्हाईतर गाठ ऱ्हाती. मी पटकन हात धरला. कारण नेमकं हेच मॅडमनी आधी सांगून ठेवलं होतं, की आईच्या अंगातली हार्मोन्स वारेतनं बाळात गेलेली असतात म्हणून मुलगा असो मुलगी असो काही बाळांची छाती फुगते, थेंबभर दूधही येतं, आणि मुलींना लंगोटात रक्ताचा एखादा डागसुद्धा दिसतो, घाबरू नका, काही आठवड्यांत आपोआप उतरतं, पण दाबलं तर जखम होऊन आत पू होतो आणि मग ऑपरेशनच्या टेबलावर न्यावं लागतं.

"दाबल्याबिगार जातंय व्हय ते?" मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं मावशी, आपण नुसतं बघू, तुम्ही रोज येताच की, तुम्हीच सांगा कमी होतंय का. त्या नाराज झाल्या, पण हात मागं घेतला आणि मग रोज मालीश करताना आधी छाती बघायच्या. हळूहळू गाठी बसत गेल्या आणि ते मावशींनीच मला दाखवलं. आता शेजारच्या आळीत त्या स्वतः सांगतात की तिकडं हात लावू नका. ह्या एका बाईमुळं किती घरातलं बदलेल, मला ह्याचं फार बरं वाटतं.

ह्यात मला सगळ्यात मोठा आधार झाला तो आमच्या गावातल्या आशाताईंचा. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी त्या घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. येऊन आधी हात धुतात, मग थर्मामीटर लावतात, झोळीच्या काट्यानं वजन करतात, आणि बाळाचं पोट उघडं करून हातातल्या घड्याळाकडं बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात, साठच्या वर गेले तर पुन्हा मोजायचे, तरी तेवढेच भरले तर दवाखाना. सासूबाई पहिल्या दिवशी शेजारी बसून बघत होत्या, दुसऱ्या फेरीला त्यांनी स्वतः मोजायला शिकून घेतलं. हे घरोघरी जाऊन नवजात बाळ बघायचं काम आपल्या गडचिरोलीतनं आलंय हे सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग ह्यांच्या सर्च संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून हे केलं, तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, आणि मग २०११ पासून सरकारनं आशांमार्फत देशभर सुरू केलं. थोरल्याच्या वेळी हे सुरू झालेलं होतं पण मी शहरात होते, आमच्याकडं कुणी आलं नाही. मॅडमनी जे सांगितलं तेच आशाताईंनी सांगितलं की सासूबाईंचा विश्वास दुप्पट व्हायचा, कारण ताई गावातली, तिची पोरं डोळ्यासमोर वाढलेली.

बाळगुटीवर मात्र घरात खरंच ताण आला, हा भाग मला सविस्तर लिहायचाय. सासूबाईंनी सातव्या महिन्यापासनंच सगळं आणून ठेवलं होतं, हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, सुंठ, हिरडा, ज्येष्ठमध, बदाम, खारीक, एका डब्यात नीट, आणि त्यांच्या सासूबाईंची सहाण, मधे झिजून खोलगट झालेली. कशाचे किती वेढे द्यायचे हे सगळं तोंडपाठ. थोरल्याला माझ्या आईनं घातलीच होती, मधाचं बोटही जन्मल्यावर चाटवलं होतं आणि तेव्हा कुणी नको म्हणालं नाही. ह्यावेळी मॅडमनी स्पष्ट सांगितलं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही, गुटी नाही, पाणी नाही, ग्राइप वॉटर नाही, मध तर वर्षभर अजिबात नाही. मधाचं कारण असं की त्यात एका जिवाणूची बीजं असू शकतात, मोठ्या माणसाला त्याचं काही होत नाही पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वाढून असं विष तयार होतं की बाळ लुळं पडतं. आणि गुटीचं, सहाण आणि मुळ्या कितीही धुतल्या तरी त्यातनं जंतू जाऊन जुलाब लागू शकतात, जायफळाचा वेढा एखादा जास्त झाला तर किती झाला हे मोजायला काही नाही, आणि जन्मलेल्या बाळाचं पोट एवढंसं असतं, ते दुसऱ्या कशानं भरलं तर तेवढं दूध कमी जातं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत पण जेवल्याही नाहीत नीट. रात्री मला म्हणाल्या, "अगं, माझ्या हातानं नातीला काही द्यायचंच नाही का?" मला गुटी बरी का वाईट ह्यापेक्षा हे खरं दुखणं वाटलं. मी म्हटलं आई, सहा महिने झाले की तिच्या तोंडात पहिला घास तुम्हीच घालायचा, आणि ती सहाण टाकायची नाही. आणि तसंच केलं. उष्टावणानंतर त्याच सहाणेवर, उकळत्या पाण्यानं धुऊन, बदाम आणि खारीक उगाळून नाचणीच्या सत्त्वात घालायला लागल्या. ही कल्पना मॅडमना विचारली तर त्या म्हणाल्या उत्तम.

आणि इथं परत डॉक्टरांचं उलटं झालेलं. थोरल्याच्या वेळी मला सांगितलं होतं अंडं वर्षानंतर, शेंगदाणा तर त्याहून उशिरा, ॲलर्जी येते. धाकटीच्या वेळी सांगितलं की वरचं सुरू झालं की नीट शिजवलेलं अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट पातळ करून, थोडं थोडं, एका वेळी एकच नवीन पदार्थ, असं लवकर सुरू करा, अख्खा दाणा मात्र देऊ नका, घशात अडकतो. कारण विचारलं. लंडनमधल्या संशोधकांनी ॲलर्जीचा जास्त धोका असलेली ६४० बाळं घेऊन निम्म्यांना शेंगदाणा लवकर दिला, निम्म्यांना पाच वर्षं दिला नाही, आणि २०१५ मध्ये निकाल आला की ज्यांना दिला त्यांच्यात ॲलर्जी कितीतरी कमी. म्हणजे टाळल्यामुळंच ॲलर्जी वाढत होती! आमच्याकडं तर शेंगदाणा घरचा, सासूबाईंना हे इतकं पटलं की त्या म्हणाल्या आमची पोरं शेतात बसून शेंगाच खात मोठी झाली.

झोपण्याचं पण तसंच. थोरल्याला डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी होती, अंगावर आज्जीची गोधडी, आणि पाय सरळ करून दुपट्यात एकदम घट्ट. आता उशी नको, बिछाना सपाट आणि टणक, बाळ पाठीवर उताणं, तोंडाजवळ मऊ काही नको. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणारी बाळं निम्म्याहून कमी झाली, त्यावरनं हे आलं. डोकं चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना आपण समोर बसून थोडा वेळ पालथं ठेवायचं. आणि दुपटं गुंडाळलं तरी पाय आत बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत, पाय ताणून बांधले की खुब्याचा सांधा नीट बसत नाही. उशीची मोहरी सासूबाईंनी फोडणीच्या डब्यात ओतली आणि विषय संपवला.

कावीळीचं थोडक्यात सांगते. थोरला पिवळा दिसायला लागला तर सकाळचं ऊन द्या म्हणाले होते आणि आम्ही गॅलरीत धरून बसायचो. धाकटीच्या वेळी म्हणाल्या उन्हावर विसंबू नका, त्यानं किती उतरली ते कळत नाही आणि उघडं बाळ गारठतं किंवा तापतं, कपाळाला मशीन लावून आकडा बघितला, आकडा जास्त असता तर निळ्या दिव्याखाली ठेवलं असतं. तसंच ड जीवनसत्त्वाचं, रोज ४०० युनिटचे थेंब वर्षभर, आईच्या दुधात ते पुरेसं नसतं म्हणून. थोरल्याला मल्टिव्हिटॅमिनचं कसलंतरी टॉनिक होतं, ते आता नको म्हणाले. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं, तीट तळपायाला लावली.

आज्जीचं जे परत आलं ते सांगायचं राहिलं. आज्जी थोरल्याला पदराखाली पोटाशी धरून तासन्‌तास बसायची आणि तेव्हा सगळे म्हणायचे सवय लागेल, खाली ठेवा. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवरचं बाळ अगदी कमी वजनाचं होतं, दीड किलोच्या जवळपास, आणि त्याच्या आजीच्या छातीशी ते उघडं, टोपी मोजे आणि लंगोट एवढंच, साडीनं बांधून ठेवलेलं, आई दमली की आजी आणि आजी दमली की वडील. कांगारू म्हणतात त्याला. आधी अशी बाळं काचेच्या पेटीत स्थिर होईपर्यंत थांबायचे, पण आपल्या दिल्लीचं सफदरजंग धरून पाच देशांतल्या दवाखान्यांत बघितलं, २०२१ मध्ये निकाल आला की जन्मल्यावर लगेच असं छातीशी ठेवलं तर बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, मग २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही लगेच सुरू करा म्हटलं. ते बाळ दिवसागणिक वर येताना मी बघितलंय, आणि आज्जीला हे सांगायला ती आता नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

शेवटचं लसींचं, कारण हे सगळ्यांनी तपासायला हवं. मी दोन्ही मुलांची कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघितली. थोरल्याच्या कार्डावर बीसीजी, पोलिओ, कावीळ ब, त्रिगुणी आणि नऊ महिन्यांना गोवर. जुलाबावरची रोटा आणि न्यूमोनियाची लस तेव्हा बाहेर विकत मिळायची आणि भयंकर महाग होती. धाकटीला पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, रोटा, न्यूमोनियाची पीसीव्ही, सगळं गावच्या उपकेंद्रात फुकट, आणि गोवराबरोबर रुबेला. थोरल्याला रुबेला नव्हती, ती त्याला २०१८ च्या नोव्हेंबरातल्या मोहिमेत शाळेत मिळाली. पोलिओचे थेंब त्याच्या वेळी तीन प्रकारच्या विषाणूंवर होते, एप्रिल २०१६ पासून दोनच, कारण दुसऱ्या प्रकारचा विषाणू जगातनं गेला, आणि जोडीला उजव्या दंडावर एफआयपीव्हीचं, म्हणजे पोलिओच्याच लसीचं, छोटं इंजेक्शन आलं. लस टोचायच्या आधीच तापाचे थेंब द्या असं २०१२ ला सांगायचे, आता ताप आला तरच आणि वजनाप्रमाणे, आधी दिलं की लसीचा प्रतिसाद कमी होताना दिसला म्हणून.

एफआयपीव्हीचा तिसरा डोस नऊ महिन्यांना द्यायचं जानेवारी २०२३ पासून सुरू झालंय. धाकटीच्या कार्डावर त्याचा रकाना छापलेला नव्हता, कार्ड आधीच्या छपाईचं होतं, नर्सताईंनी गोवर-रुबेलाच्या खाली पेनानं लिहून तारीख घातली. ज्यांची बाळं २०२२ किंवा २०२३ मधली आहेत त्यांनी कार्ड काढून ती नोंद आहे का बघा, नसेल तर उपकेंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारा, बुधवारी किंवा तुमच्याकडं ज्या दिवशी लसीकरण असतं त्या दिवशी कार्ड घेऊनच जा.